ओल्या हातांचे मागणे

फार पूर्वी वेत्रनगरात जयंधर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तेथील एका अमात्यकुळात जन्म घेतला होता. धृतिसेन हे त्याचे नाव. वयात आल्यावर तो राजाचा जलामात्य झाला आणि केस पांढरे होईपर्यंत त्याच अधिकारावर राहिला.

नगराच्या वरच्या अंगाला एक विस्तीर्ण तलाव होता. त्याला मातीचा लांब बांध होता आणि बांधाच्या टोकाशी जलद्वार होते. बांधाखाली नलग्राम नावाचे गाव भाताच्या शेतांत वसलेले होते. द्वार योग्य वेळी उघडले तर शेते पिकत. अवेळी उघडले तर तीच शेते पाण्याखाली जात, आणि उघडायला उशीर झाला तर बांधावर ताण येई. म्हणून द्वार केव्हा उघडायचे हे जलामात्याने ठरवावे, असा राज्याचा नियम होता.

बोधिसत्त्व बांधावर फेरी मारी तेव्हा एक सेवक त्याच्यावर पांढरी छत्री धरून चाले. जलद्वार दूर होते आणि वाऱ्यात हाक पोचत नसे. छत्री बांधाच्या मध्यावर थांबली की द्वारसेवकांनी द्वार उघडावे, न थांबता पुढे गेली तर उघडू नये, आणि छत्री मिटली की उघडलेले द्वार बंद करावे, असा संकेत होता. हा संकेत कोणी ठरवून घातला नव्हता. तो आपोआप पडत गेला होता. पूर्वीचे द्वारसेवक पाण्याकडे पाहत, शेतांकडे पाहत आणि शंका आली तर विचारायला येत. पुढे पुढे ते केवळ छत्रीकडे पाहू लागले. बोधिसत्त्वाचा निर्णय क्वचितच चुकत असल्यामुळे यात कोणाला काही वावगे वाटले नाही. बोधिसत्त्वालाही वाटले नाही.

अधिकार सोडणाऱ्याला निरोप देण्याची त्या राज्यात एक रीत होती. सकाळी सभेत तो आपला अधिकाराचा दंड नव्या अधिकाऱ्याच्या हाती देई. मग नगरजन त्याला बांधावरून सीमेच्या शिळेपर्यंत पोचवायला जात. शिळेपाशी राजा स्वतः झारीने त्याच्या हातांवर पाणी घाली. हात ओले असेपर्यंत त्याने एक गोष्ट मागावी आणि राजाने ती द्यावी. हात सुकले की त्याने निघावे, मागे घडणाऱ्या गोष्टींत शब्द टाकू नये आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत नगरात पाऊल ठेवू नये. जाणारे बहुतेक जण एखाद्या गावाचे उत्पन्न मागून घेत. बोधिसत्त्वाला आम्रवन नावाचे गाव द्यावे, असे राजाने मनाशी ठरवले होते, आणि ते साऱ्या नगराला कळलेही होते.

निरोपाच्या सकाळी बोधिसत्त्वाचे चित्त थाऱ्यावर नव्हते. तो अंगणात आला, आत गेला, पुन्हा अंगणात आला. बांधलेल्या गाठोड्याची गाठ त्याने सोडली आणि पुन्हा बांधली. त्याची पत्नी मेखला उंबऱ्याशी बसून हे पाहत होती.

ती म्हणाली, "आज तरी जरा बसा. तलाव काही उठून जात नाही."

"वारा पडला आहे. अशा वेळी बांधाच्या आतल्या अंगाला शेवाळ धरते. रोहकाला ते सांगायचे राहिले."

"काल सांगितलेत. परवाही सांगितलेत. परवा तर तो जेवत होता बिचारा, घास हातातच राहिला त्याचा."

"तो लक्ष देऊन ऐकत होता."

"घास खाली ठेवावा की तोंडात घालावा, हे त्याला कळत नव्हते," मेखला म्हणाली. "माझ्या सासूबाई मुलीला सासरी पाठवताना अशाच वागल्या होत्या. मुलगी गाडीत बसली तरी त्यांचे आपले चालूच, मीठ किती घालायचे म्हणून."

बोधिसत्त्व हसला, पण बसला नाही.

सभेत राजाने त्याची पुष्कळ स्तुती केली. रोहक हा नवा जलामात्य खाली मान घालून उभा होता. तो तरुण होता, थोर कुळातला होता, आणि अपमान झाला की त्याचे कान लाल होत, हे सर्वांना ठाऊक होते. बोधिसत्त्वाने त्याच्या हाती दंड दिला. मग चार शब्द बोलावेत म्हणून तो सभेकडे वळला. बोलण्याचे पुष्कळ काही त्याने मनात जुळवून ठेवले होते. त्यातले थोडेच त्याला आठवले.

तो म्हणाला, "महाराज, मी इतका काळ पाण्याची राखण केली. लोकांचे काम करताना रात्री झोप लागली नाही तर मी तो कर्तव्याचा भाग समजत असे. आज अधिकार सुटला आहे आणि काल रात्रीही मला झोप लागली नाही. तेव्हा ती जाग लोकांसाठी होती की माझ्यासाठी, असा प्रश्न मला पडला आहे. त्याचे उत्तर अजून माझ्यापाशी नाही. माझ्याकडून कोणाचे नुकसान झाले असेल तर त्याने मला क्षमा करावी."

सभेला हे बोलणे विनयाचे वाटले. लोकांनी माना डोलावल्या. त्याने प्रश्न खरोखरच विचारला होता, हे मेखलेखेरीज कोणाच्या ध्यानात आले नाही.

मिरवणूक बांधावर आली. छत्री आता रोहकाच्या अधिकाराची होती. सेवक ती घेऊन त्याच्याकडे गेला, तेव्हा रोहक म्हणाला, "आज नको. आजचा दिवस छत्री आर्यांवरच असू दे."

बोधिसत्त्वाला हे आवडले. नको म्हणावे असे त्याच्या मनात येऊन गेले, पण त्याने म्हटले नाही. पांढरी छत्री त्याच्या डोक्यावर उघडली आणि लोक वाजतगाजत चालू लागले.

बांधाच्या मध्यावर नगरातल्या माळ्यांनी हार आणले होते. त्यांनी मिरवणूक अडवली. एक म्हातारा माळी म्हणाला, "पाण्याच्या धन्याला आमची फुले नेल्याशिवाय सोडणार नाही." लोक हसले. हार घालायला पुष्कळ जण पुढे सरसावले आणि गर्दीत छत्री जागच्या जागी उभी राहिली.

दूर जलद्वारापाशी द्वारसेवकांचा मुख्य बलाक टाचा उंचावून पाहत होता. छत्री थांबलेली त्याला दिसली. हा कापणीचा हंगाम होता. नलग्रामची शेते अर्धी कापून झाली होती, भाताच्या पेंढ्या वाफ्यांतच पसरल्या होत्या, माणसे खाली वाकून कामात होती. बलाकाने खाली पाहिले असते तर हे सारे त्याला दिसले असते. तो छत्रीकडे पाहत होता. "आर्यांचा शेवटचा संकेत आहे, नीट ओढा," असे तो सोबत्यांना म्हणाला, आणि त्यांनी द्वार उघडले.

पाण्याचा आवाज आधी बोधिसत्त्वाला ऐकू आला. हार बाजूला सारून तो बांधाच्या कडेला गेला. खाली तपकिरी पाणी वाफ्यांमागून वाफे गिळत चालले होते. माणसे ओरडत उंच जागी पळत होती. रोहक दंड घेऊन त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले, पण त्याने बलाकाकडे न पाहता बोधिसत्त्वाकडे पाहिले. सगळेच त्याच्याकडे पाहत होते.

विचार करायला अवकाश नव्हता. "छत्री मिटा," बोधिसत्त्व म्हणाला, आणि सेवकाच्या हातातून घेऊन त्याने स्वतःच ती मिटली. जलद्वारावर धावपळ झाली. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज कमी होत गेला आणि थांबला.

माणूस कोणी दगावले नाही. पण सखल भागातल्या पेंढ्या वाहून गेल्या होत्या, आणि राहिल्या त्या चिखलात रुतल्या होत्या.

मग लोक बोलू लागले.

"पाहिलेत? एका क्षणात थांबवले. उद्या कोण थांबवणार?"

"नव्याच्या हाती दंड आला आणि पहिल्याच सकाळी गाव बुडाले. पायगुण म्हणायचा तो हाच."

"दंड धरून उभा होता नुसता. गुराखीसुद्धा काठीने काहीतरी करतो."

रोहकाचे कान लाल झाले.

शिळेपाशी सारे पोचले तेव्हा नलग्रामची माणसे चिखलाने माखलेल्या पायांनी तेथे येऊन उभी होती. बलाकाला दोन सैनिकांनी धरून आणले होते. अवेळी द्वार उघडणाऱ्याला कुटुंबासह राज्याबाहेर घालवावे आणि ज्याच्या अधिकारात ते घडले त्याचा दंड काढून घ्यावा, असा नियम होता. झारी हातात घेऊन राजा उभा होता, पण त्याने पाणी घातले नाही.

"धृतिसेना, हात पुढे करू नकोस," राजा म्हणाला. "परत चल. दंड पुन्हा तुझ्याकडे येईल. रोहकाला मी दुसरे काम देईन आणि या माणसाचे काय करायचे ते तू ठरव. लोकांचीही हीच इच्छा आहे."

"हीच इच्छा आहे," लोक म्हणाले.

सकाळपासून बोधिसत्त्वाला जे हवे होते ते आता त्याच्यासमोर होते. नको म्हणण्याला कारणही उरले नव्हते. खाली शेतांत पाणी साचले होते, ते काढायला कोठून चर खणावा हे त्याला ठाऊक होते, आणि त्याचे हात त्यासाठी शिवशिवत होते. एवढ्यात सैनिकांच्या मधून बलाक बोलला.

"आर्य, राहा. न्याय आपणच करा. मी आपल्याला ओळखतो. त्यांना मी ओळखत नाही."

बोधिसत्त्व त्याच्याकडे वळला.

"मला ओळखतोस म्हणूनच आज द्वार उघडले, बलाका," तो म्हणाला. "तू पाण्याकडे पाहिले नाहीस. शेतांकडे पाहिले नाहीस. पाहण्याचे काम माझे आहे असे तू समजलास, आणि मी तसे समजू दिले."

मग त्याने राजापुढे ओंजळ केली.

राजाने नाइलाजाने पाणी घातले. "माग," तो म्हणाला. "आम्रवन तुझेच आहे, हे तुला ठाऊक असेल."

"महाराज, आम्रवन नको. आज जे घडले त्याचा न्याय जलामात्य रोहकाने करावा. ज्याच्या हाती दंड आहे त्याच्याकडून तो काढू नये, आणि त्याने दिलेला निर्णय आपण किंवा सभेने फिरवू नये. मी एवढेच मागतो."

बलाकाचा चेहरा उतरला. राजा जवळ आला आणि हलक्या आवाजात बोलला.

"तू शहाणा आहेस, पण हे नीट विचार करून मागितलेले दिसत नाही. तो नवा आहे, भ्यालेला आहे आणि सर्वांसमोर त्याचा अपमान झाला आहे. असा माणूस आपल्या हाताखालच्यावर दोष ढकलून मोकळा होतो. बलाकाची बायको, त्याची मुले, सगळी उद्या रस्त्यावर असतील. तुझे हात अजून ओले आहेत. मागणे बदल. बलाकाला क्षमा माग, मी देतो."

बोधिसत्त्वाने रोहकाकडे पाहिले. रोहक बलाकाकडे पाहत होता, आणि त्याच्या नजरेत काय होते ते सांगता येत नव्हते. राजाचे म्हणणे खोटे नव्हते. बलाकासाठी क्षमा मागितली तर बलाक आज वाचणार होता. आणि उद्या, परवा, दरवेळी साऱ्या नगराने कोणातरी एकाच माणसाच्या तोंडाकडे पाहायचे, हेही तसेच चालू राहणार होते. न मागितली तर बलाकाचे भवितव्य ज्याला अजून कोणीच पारखले नाही अशा माणसाच्या हाती जाणार होते. दोन्हींतले बरे कोणते, याची खात्री बोधिसत्त्वाला नव्हती.

"रोहका," तो म्हणाला, "छत्री माझ्यावर धरायला तू सांगितलेस, आणि मी नको म्हटले नाही. न्याय करताना हेही लक्षात घे. यापुढे मी काही सांगणार नाही."

तो हात पुढे करून तसाच उभा राहिला. वारा नव्हता, त्यामुळे पाणी सुकायला वेळ लागला. त्या वेळात मागणे बदलावे असे त्याला एकदा नव्हे, अनेकदा वाटले. त्याने ते बदलले नाही. हात सुकले तेव्हा त्याने राजाला वंदन केले आणि मेखला बसली होती त्या गाडीकडे तो चालू लागला. रोहकाचा निर्णय ऐकायला थांबण्याचा अधिकार त्याला राहिला नव्हता.

गाडी पूर्वेकडे निघाली. बोधिसत्त्व बसला, उतरून चालू लागला, पुन्हा बसला.

"बलाकाला तुम्ही वाऱ्यावर सोडलेत," काही अंतर गेल्यावर मेखला म्हणाली.

"होय."

"त्याच्या मुलीच्या बारशाला मी गेले होते. उद्या ती या रस्त्याने डोक्यावर भांडी घेऊन येताना दिसली तर मी तिला काय सांगू?"

"मला ठाऊक नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "मी चुकलोही असेन. मेखले, मी कधीच कोणाला चुकू दिले नाही. कोणी चुकायच्या आत मी तेथे पोचलेला असे. लोक याला सेवा म्हणत आणि मीही म्हणत असे. आज माझ्या एका छत्रीने गाव बुडाले, आणि तरीही लोकांना मीच हवा आहे. हे ऐकून मला आनंद झाला. त्या आनंदाचेच मला भय वाटले."

मेखलेने सरकून त्याला जागा करून दिली.

नदीच्या उतारावर नाव पैलतीरी गेली होती, म्हणून ती दोघे थांबली. नाव परतेपर्यंत दुपार कलली. तेव्हा नलग्रामची पाटला नावाची शेतकरीण माहेरी जायला तेथे आली. तिच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता. बोधिसत्त्वाला पाहताच ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"येथे आहात होय? फार बरे केलेत. आमचे भात वाहत गेले आणि तुम्ही चाललात हवा खायला."

"न्याय झाला का?" बोधिसत्त्वाने विचारले.

"झाला म्हणायचा. असला न्याय मी जन्मात पाहिला नाही. तो पोरगा शिळेवर चढला आणि म्हणाला, छत्री आर्यांवर धरायला सांगितली ती मी, द्वार उघडले ते बलाकाने, तेव्हा दोष दोघांचा. घालवून कोणालाच देणार नाही. दोघे जण शेत मोकळे होईपर्यंत नलग्रामात राहतील आणि चिखलातले भात काढतील. त्यानंतर तो अमात्य खरेच खाली उतरला हो. नेसूचे वर खोचून. विळा धरता येत नाही त्याला. माझ्या वाफ्यात त्याने निम्मे भात पायाखालीच तुडवले."

मेखला तोंड फिरवून हसली.

"आणि बलाक?"

"बलाक त्याला शिकवतो आहे. बलाकालाही धड येत नाही. दोघांचे भांडण चालले आहे." पाटलेचा आवाज खाली आला. "हसण्यासारखे आहे, पण माझे तेवढे भात गेले ते गेले. तुम्ही असता तर राजाच्या कोठारातून भरून दिले असते. चला परत. तुम्ही सांगितले तर राजा ऐकेल."

कोठारातून धान्य द्यावे हे बोधिसत्त्वालाही सुचले होते; रोहकाला ते सुचले नव्हते. निरोप धाडला असता तर तो रात्रीच्या आत पोचला असता, आणि रोहकाने तो आज्ञेसारखा पाळला असता. बोधिसत्त्व उठून नगराच्या दिशेने थोडा चालत गेला. मेखला त्याच्याकडे पाहत राहिली. तो थांबला. बराच वेळ तो पाठमोरा उभा होता. मग तो परत आला.

"बाई," तो पाटलेला म्हणाला, "तुझे नुकसान झाले हे खरे आहे, आणि त्यात माझाही हात आहे. माझ्या गाडीत वर्षभराचे तांदूळ आहेत. त्यांतले अर्धे तू घे. ते माझे आहेत, म्हणून मी देऊ शकतो. राजाच्या कोठारातले ज्याला मागायचे त्याला जाऊन माग. तो तुझ्याच शेतात उभा आहे."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर तेथेच त्याच्याशी भांड. भांडायला तुला येते."

पाटला गाडीकडे गेली. मग माहेरचा विचार सोडून तिने तांदळाचे गाठोडे डोक्यावर घेतले आणि स्वतःशी पुटपुटत ती नलग्रामच्या वाटेला लागली.

नाव लागली. बोधिसत्त्व नावेत बसला तेव्हा त्याचे मन शांत झाले होते असे नाही. पाटला काय बोलेल, रोहक काय उत्तर देईल, साचलेल्या पाण्याला चर कोठून खणतील, हे सारे त्याच्या मनात पैलतीरापर्यंत चालूच होते. पैलतीरी उतरून ती दोघे वनाकडे गेली. पुढे तो तेथेच राहिला. नगरातून माणसे येत तेव्हा तो त्यांची विचारपूस करी. पाण्याविषयी त्याने कोणाला काही सांगून पाठवले नाही.

ही कथा भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी विहारात स्थविर कुमुद यांना उद्देशून सांगितली. कुमुद यांनी विहारातील निवासव्यवस्थेचे काम तरुण भिक्षू सोमक याच्यावर सोपवले होते, परंतु रोज सकाळी ते त्याच्यामागे जात आणि त्याने लावलेल्या प्रत्येक आसनाची जागा बदलत. सोमक अखेर काहीच ठरवीनासा झाला, आणि पाहुणे भिक्षू अंगणात ताटकळत राहू लागले. ही गोष्ट कानी आल्यावर शास्त्यांनी दोघांना बोलावून घेतले. कथा संपली तेव्हा कुमुद यांनी विचारले, "भंते, त्या अमात्याचे मन पुढे तरी निवले का?"

शास्ते म्हणाले, "कुमुदा, ते निवायला पुष्कळ जन्म लागले. पण त्या दिवशी त्याने मन निवण्याची वाट पाहिली नाही."

मग त्यांनी त्या जन्माचा या जन्माशी संबंध स्पष्ट केला. "त्या वेळचा राजा जयंधर म्हणजे आज विहाराला दान देणारे श्रेष्ठी महाधन. पाटला म्हणजे भिक्षुणी उत्पला, जी आजही कोणाचे ऐकून घेत नाही. मेखला म्हणजे स्थविरा सुनीती. बलाक म्हणजे, कुमुदा, तू स्वतः. आणि ज्याच्या हाती तुझा न्याय सोपवला गेला व ज्याने तुला घालवून दिले नाही, तो रोहक म्हणजे हा सोमक. अमात्य धृतिसेन मीच होतो."

अस्वस्थ असतानाही जो सोपवलेले परत मागत नाही, दुसऱ्याला त्याच्या पायांनी चालू देतो आणि स्वतःजवळचे तेवढे देऊन बाजूला होतो, त्याची ती वृत्ती म्हणजे दुर्लक्ष नव्हे. तीच समचित्तता होय, आणि त्या जन्मी बोधिसत्त्वाने तिचाच अभ्यास केला.